झेरॉक्स मशीनला आठवण कशी राहू लागली

झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड दिलं, की दुकानदार ते काचेवर ठेवून बटण दाबतो. उजेडाची पट्टी सरकते, पण कागद काही बाहेर येत नाही. मग तो कार्ड उलटं करून पुन्हा बटण दाबतो आणि दोन्ही बाजू एकाच पानावर छापून येतात. मधल्या वेळात कार्डाची पहिली बाजू मशीनच्या आत साठवलेली असते. जुन्या मशीनला हे जमत नसे. एका बाजूची प्रत निघाल्यावर तोच कागद पुन्हा आत घालावा लागे. मशीनला काही लक्षात ठेवताच येत नव्हतं.

हा विसराळूपणा त्याच्या जन्मापासूनचा. या तंत्राचे जनक चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचे. पेटंटच्या कागदांच्या प्रती कधी पुरेशा नसायच्या. एकतर पुन्हा टाइप करा, नाहीतर फोटो काढून आणा. या कटकटीवर उपाय शोधताना, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, क्वीन्समधल्या ॲस्टोरिया भागात त्यांनी सहायक ऑटो कोर्नाय यांच्यासोबत एक प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला आणि तो रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणला. काचपट्टीवर शाईने तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ असं लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि वरून प्रखर दिवा धरला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत मात्र तो टिकला. मग बारीक पूड भुरभुरवून फुंकर मारली. पूड फक्त अक्षरांना चिकटून राहिली आणि मेणकागदावर उतरवता आली.

आजही टोनर ड्रमला चिकटतो तो याच तत्त्वावर. प्रत निघाली की ड्रम पुसला जातो, आणि जुन्या मशीनमध्ये पुढच्या प्रतीसाठी मूळ कागदावरून उजेड पुन्हा फिरवावा लागे. रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने हे तंत्र घेतलं आणि १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ बाजारात आणलं. नऊ बाय चौदा इंचांपर्यंतचा कागद चाले, म्हणून ९१४. वजन साडेसहाशे पौंडांच्या आसपास. आतली उष्णता इतकी, की अडकलेला कागद कधीकधी पेट घेई, त्यामुळे मशीनसोबत छोटं अग्निशामकही दिलं जाई.

मशीन विसराळू असलं, तरी त्याच्यावर नजर ठेवता येते, हे सीआयएने लवकर ओळखलं. साठच्या दशकात वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत ९१४ होतं. झेरॉक्सचे अभियंते रे झॉपॉथ यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्याच्या आत एक छोटा फिल्म कॅमेरा लपवून बसवण्यात आला. प्रत काढताना दिवा लागला, की कॅमेराही टिपून घेई. वकिलातीत सर्व्हिसिंगला येणारा तंत्रज्ञ फिल्म बदलून नेई. परका माणूस असूनही त्याला कुणी अडवत नसे, कारण मशीन बिघडलं की त्याच्याशिवाय गत्यंतर नसे.

पुढे असा कॅमेरा लपवायची गरजच उरली नाही, कारण कंपन्यांनी मशीनलाच स्मरणशक्ती दिली. त्यामागे कसलाही कट नव्हता. ती सॉर्टरच्या, म्हणजे संच लावणाऱ्या कप्प्यांच्या, अडचणीतून आली. दहा पानी अहवालाचे वीस संच हवे असतील, तर जुन्या कॉपियरमध्ये प्रत्येक पानावर वीसदा उजेड पाडावा लागे आणि बाजूला जोडलेल्या वीस कप्प्यांत एकेक प्रत टाकावी लागे. डिजिटल कॉपियरने ही कसरत संपवली. प्रत्येक पान एकदाच स्कॅन करायचं, त्याची फाइल ठेवायची आणि हवे तितके संच ओळीने छापायचे. त्या फाइल ठेवायला मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क बसली. कप्पे गेले आणि त्यांच्या जागी डिस्क आली. मशीन तेच, टोनर तोच, एएमसीही तीच. त्यामुळे हा बदल कुणाच्या नजरेतच भरला नाही.

बऱ्याच मशीनमध्ये काम संपल्यावर फाइल यादीतून जाते, डिस्कवरून मात्र लगेच पुसली जात नाही. पुसून टाकणारं किट अनेक जुन्या मशीनना वेगळे पैसे भरून घ्यावं लागे, आणि खरेदी विभाग असल्या गोष्टी आधी कापतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने न्यू जर्सीच्या एका गोदामातून चार वापरलेले कॉपियर विकत घेऊन त्यांच्या डिस्क तपासल्या. एकातून बफेलो पोलिसांच्या लैंगिक गुन्हे पथकाचे कागद निघाले, दुसऱ्यातून अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेकडचे रुग्णांचे तपशील. हे दुसरं मशीन लीजवर होतं, मुदत संपल्यावर परत गेलं होतं आणि डिस्क तशीच राहिली होती. २०१३ मध्ये त्या संस्थेने सरकारला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. माहिती उघड होण्याचा धोका ३ लाख ४४ हजारांहून अधिक लोकांना होता.

दरम्यान मशीनला तोंडही फुटलं होतं. नव्वदच्या दशकात प्रिंटर थेट नेटवर्कला जोडले जाऊ लागले, आणि डिजिटल कॉपियर प्रिंटरचंही काम करू लागल्यावर तेही. बहुतेक प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन असतात आणि तिथे येईल ते छापतात. पाठवणारा कोण, हे विचारत नाहीत. शिवाय पोस्टस्क्रिप्ट ही पानाची भाषा म्हणजे पुरती प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. छापायला आलेली फाइल प्रिंटर वाचत नाही, चालवतो. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातील संशोधकांनी वीस प्रिंटर तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. किमान एका हल्ल्याला बळी पडला नाही, असा त्यांत एकही नव्हता. २०१८ मध्ये तर कुणीतरी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या हजारो प्रिंटरमधून एका यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली. तो वात्रटपणा होता. त्याच दारातून गुपचूप आत शिरणारा मात्र काहीच छापत नाही.

जुन्या मशीनचा धोका इथे दुहेरी होतो. कंपनी काही वर्षांनी फर्मवेअरचे अपडेट थांबवते, पण मशीन चालतच असतं आणि चालणारं मशीन कुणी काढत नाही. परदेशात वापरून झालेली, कॉपी आणि प्रिंट दोन्ही करणारी मल्टिफंक्शन मशीन भारतात आयात होतात. त्यांच्या परवानगीचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणजे एका ऑफिसातून निवृत्त झालेलं मशीन दुसऱ्या देशात पुन्हा कामाला लागतं. त्याच्या पोटातली डिस्क मधे कुणी पुसली का, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोपऱ्यातला कॉपियर ऑफिसच्या संगणकांच्या यादीत नसेल, तर त्याची खबरदारी कुणीच घेत नसतं. तो आधी त्या यादीत घाला. कंपनीने दिलेला ॲडमिन पासवर्ड बदला. पोर्ट ९१०० बाहेरच्या जगाला बंद ठेवा. अपडेट थांबले असतील, तर मशीन नेटवर्कवरून काढून फक्त प्रतींसाठी वापरा. आणि लीज संपो की भंगारवाला दारात येवो, मशीन हलवण्याआधी डिस्क पुसून किंवा काढून घ्या आणि तसं लेखी घेतल्याशिवाय गेटपासवर सही करू नका.