फौजदाराची टोपी आणि जळकोटचा सवाल

दरवर्षी 14 जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटसमोर उभे राहतो आणि नामांतर शहिदांची नावे घेतो. पोचीराम कांबळे, जनार्दन मेवाडे, गौतम वाघमारे... या यादीत एक नाव येते, गोविंद भुरेवार. त्या नावापाशी आम्ही आजच्या तरुणांना जरा थांबायला सांगतो आहोत. कारण हा माणूस मोर्चात नव्हता, घोषणा देत नव्हता. तो ड्युटीवर होता. तो फौजदार होता आणि त्याच्या डोक्यावर महाराष्ट्र शासनाची टोपी होती.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाडा पेटवण्यात आला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली, विहिरी बंद केल्या, मजुरी बंद केली. 4 ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंची हत्या झाली. याच वणव्यात जळकोटला फौजदार भुरेवार यांचा बळी गेला. जळकोट आज लातूर जिल्ह्यात, नांदेडच्या सीमेला लागून आहे. तेव्हा लातूर जिल्हा झालेलाही नव्हता.

आता आमचा मुद्दा. नामांतरविरोधक चाळीस वर्षांहून अधिक काळ एकच गोष्ट सांगत आले आहेत की, तो मराठवाड्याच्या अस्मितेचा उत्स्फूर्त उद्रेक होता, जनतेच्या भावना दुखावल्या होत्या. ठीक आहे. मग फौजदाराने कोणाची भावना दुखावली होती? त्याने ठराव मांडला नव्हता, विद्यापीठाची पाटी बदलली नव्हती. तो कायदा सांभाळायला नेमलेला माणूस होता. भावना दुखावलेला माणूस निषेध करतो, बंद पाळतो, फार तर दगड मारून पळतो. तो वस्ती जाळत नाही आणि वस्तीच्या आड येणाऱ्या वर्दीचा जीव घेत नाही. जळकोटने उत्स्फूर्ततेचा तो बुरखा फाडला आहे. लोकनियुक्त विधिमंडळाचा निर्णय आम्ही गावात चालू देणार नाही, गावात कायदा आमचाच चालेल, असे जातीने राज्याला बजावले होते. म्हणजे हे राज्याविरुद्धचे बंड होते.

ही टोपी आपल्या समाजाला फुकट मिळालेली नाही, हेही तरुणांनी लक्षात ठेवावे. गावाच्या वेशीवर काठी घेऊन रात्र जागवणारा येसकर आपला बाप. गावाची राखण त्याच्याकडे होती, पण राखणदाराचा मान आणि पगार त्याच्याकडे नव्हता. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी इंग्रज सरकारकडे अर्ज केला, त्यात सैन्याबरोबर पोलीस खात्यातही प्रवेश मागितला. 1928 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे निवेदन दिले, त्यातही पोलीस भरतीचा प्रश्न होता. गोलमेज परिषदेत त्यांनी जे संरक्षणाचे कलम मांडले, त्यात सरकारी नोकऱ्यांतील प्रतिनिधित्वाचे कारण स्पष्ट दिले होते: उच्चवर्णीय अधिकारी कायदा हवा तसा वाकवतात आणि अस्पृश्यांना न्याय मिळू देत नाहीत.

बाबासाहेबांना पोटापाण्यापुरती नोकरी मागायची नव्हती. फिर्याद लिहून घेणारा हात कोणाचा आहे, यावर न्याय ठरतो, हे त्यांना ठाऊक होते. ज्या गावात पाटील, सावकार आणि जमादार एकाच पंगतीला बसतात, तिथे दलिताची फिर्याद ठाण्याच्या पायरीवरच मरते. म्हणून टोपी हवी.

पण टोपी मिळाली की राज्य मिळाले, असे नाही. हा जळकोटचा दुसरा आणि जास्त कडू धडा. फौजदाराच्या टोपीवर बिल्ला असतो, खांद्यावर दोन तारे असतात, आणि महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. त्या बिल्ल्याचा धाक गावाला कधी वाटतो? जेव्हा त्याच्यामागे उभे राहण्याची सरकारची तयारी असते तेव्हा. 1978 मध्ये ती तयारी दिसली नाही. वस्त्या जळाल्या, फौजदार पडला, आणि सरकारने काय केले? ठरावाची अंमलबजावणी थांबवली. म्हणजे जाळणाऱ्याला हवे होते ते मिळाले. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडले. साडेपंधरा वर्षे. गोविंद भुरेवारांनी टोपीची लाज राखली. ती त्यांच्या डोक्यावर चढवणाऱ्यांनी मात्र जनतेलाच टोपी घातली.

आज आपली शेकडो मुले पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात. धावलेच पाहिजे. पण बाबांनो, ती टोपी घालाल तेव्हा अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन आलेल्या म्हातारीला बाहेर बसवून ठेवू नका. वरच्याचा फोन आला म्हणून कलम गाळू नका. आणि जे वर्दीत नाहीत त्यांनी वर्दीतल्या प्रामाणिक माणसाला एकटे पाडू नका.

एक काम जळकोट, उदगीर, मुखेड, कंधारच्या कार्यकर्त्यांसाठी. 21 ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन असतो. कर्तव्यावर प्राण गेलेल्यांना सलामी दिली जाते. त्या दिवशी ठाण्यात जा, फूल घेऊन जा, आणि हे नाव मोठ्याने घ्या. 1978 पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा, ऐका, लिहून ठेवा. आपण 14 जानेवारीला ज्याला शहीद म्हणतो, त्याला 21 ऑक्टोबरलाही शहीद म्हणायला लावणे हा नामांतराच्या लढ्याचाच उरलेला भाग आहे.

शहीद फौजदार गोविंद भुरेवार यांना विनम्र अभिवादन. जय भीम!