काचेच्या पेटीमागची शिवणकामवाली



जुनी काचेची पेटी, म्हणजे आपण जिला फिशटँक म्हणतो ती, विकत घ्यावी का आणि घेताना काय बघावं, हा प्रश्न गटाच्या बैठकीत हल्ली निघतो. कुणाला शोभेचे मासे वाढवून विकायचे असतात, कुणाच्या लेकरानं शंखात राहणारा खेकडा पाळायचा हट्ट धरलेला असतो. नवी पेटी महाग, जुनी स्वस्तात मिळते. त्याचं उत्तर आज देणारच आहे. पण आधी ही पेटी आली कुठून ते ऐका. तिच्या इतिहासात शिवणकाम करणाऱ्या एका बाईचे हात आहेत, आणि पेटी पारखायची कशी तेही त्याच इतिहासात सापडतं.

या बाईचं नाव जान विलप्रो. १७९४ साली फ्रान्समधल्या ज्युयाक नावाच्या खेड्यात ती जन्मली. वडील चपला-बूट शिवायचे. अठराव्या वर्षी ती पॅरिसला गेली. चारशे किलोमीटरचा तो रस्ता ती बराचसा पायी चालली असं सांगतात. तिथं ती कपडे शिवायला आणि भरतकाम करायला शिकली. हात इतका चांगला बसला की १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिनं काम केलं. पुढं जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न करून ती इटलीजवळच्या सिसिली बेटावर, मेस्सिना बंदरात राहायला गेली. कॉलेजचं शिक्षण नव्हतं. समुद्रातले जीव ती स्वतःच वाचून आणि बघून शिकली.

त्या काळी विद्वानांत एक जुना वाद चालू होता. आर्गोनॉट नावाचा समुद्री जीव आहे, ऑक्टोपसच्या जातीचा. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शिंपल्यात राहते. हा शिंपला ती स्वतः बनवते, की शंखातल्या खेकड्यासारखी दुसऱ्याचं रिकामं घर बळकावते? पुष्कळ विद्वान म्हणायचे, बळकावते. पण त्यांच्यापुढं असायचे मेलेले, बाटलीत भरलेले नमुने. मेलेला जीव घर कसं बांधतो ते कसं दाखवणार?

जानला तो जिवंत बघायचा होता. म्हणून १८३२ च्या सुमारास तिनं समुद्राचं पाणी भरलेल्या काचेच्या पेट्या तयार करून घेतल्या, आणि समुद्रात नांगरून ठेवायचे पिंजरेही. मग रोज निरीक्षण. तिनं शिंपल्याचा तुकडा मुद्दाम मोडला, तर त्या जीवानं स्वतःच्या अंगातून पाझरलेल्या द्रवानं तो सांधला. अंड्यातून निघालेली पिल्लं बिनशिंपल्याची होती, आणि शिंपला त्यांना नंतर आला. आर्गोनॉट स्वतःचं घर स्वतः बांधते, हे तिनं सिद्ध केलं.

१८३८ साली तिचे नमुने आणि कागद घेऊन निघालेलं जहाज बुडालं. कितीतरी वर्षांची मेहनत तळाला गेली, आणि हळूहळू लोक तिला विसरले. १८७१ साली ती आपल्या जन्मगावीच वारली. १९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव दिलं गेलं.

पुढं इंग्लंडमध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ साली समुद्रातली जिवंत पोवळी लंडनला आणून घरात जगवली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज ओतावं लागे. हे काम घरातली मोलकरीण करायची. ॲनाबाईंचं नाव पुस्तकांत आलं. मोलकरणीचं नाव मात्र कुणी घेत नाही. आपण निदान तिची आठवण ठेवू.

त्याच सुमाराला, १८४५ साली, इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि घरोघरी पेटी ठेवायची हौस पसरली. आपल्याकडं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं.

आता पारखण्याकडं येते. त्या जुन्या पेट्यांना लोखंडी चौकट असायची आणि काच लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बसवलेली. खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजायचं, लांबी वाळून तडकायची. १९६० नंतर सिलिकॉन आलं आणि चौकटीशिवाय काचेला काच चिकटू लागली. म्हणजे आजच्या पेटीचा जीव सिलिकॉनच्या सांध्यात आहे. तोच आधी बघा.

आतल्या कोपऱ्यांवरून नख फिरवा. सिलिकॉन सुटत असेल, त्यात बुडबुडे असतील किंवा ते कडक पडलं असेल तर किंमत कमी करायला सांगा, नाहीतर सोडून द्या. काचेच्या कडांवरून कापड फिरवा. जिथं धागा अडकतो तिथं टवका उडालेला असतो. बारीक ओरखडे चालतील, पण तडा गेलेली पेटी फुकटातही नको. मग ती सपाट जमिनीवर, खाली कोरडं वर्तमानपत्र घालून, पाण्यानं भरा आणि २४ तास ठेवा. कागद ओला झाला की उत्तर मिळालं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५४ किलो वजन. भरलेली पेटी उचलू नका, आणि डगमगत्या टेबलावरही ठेवू नका.

विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: यात आधी काय होतं आणि कोणतं औषध घातलं होतं? माशांच्या काही औषधांत तांबं असतं. द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणात आपण मोरचूद वापरतो, त्यातलंच ते तांबं. खेकड्यांना आणि गोगलगायींना ते विष आहे, आणि पेटीत मागं राहू शकतं. तसं औषध वापरलं असेल तर ती पेटी माशांसाठी ठेवा, खेकड्यासाठी नको. धुताना साबण, फिनेल नको. व्हिनेगर लावून भरपूर पाण्यानं धुवा.

जमिनीवरच्या शंखखेकड्याला पाण्यानं भरलेली पेटी नकोच. त्याला खोल ओली वाळू, दमट हवा कोंडून ठेवणारं झाकण, गोड्या आणि खाऱ्या पाण्याची दोन उथळ भांडी आणि रिकामे मोठे शंख लागतात. तो कल्ल्यांनीच श्वास घेतो. हवा कोरडी झाली तर गुदमरून मरतो. एवढं जमणार नसेल तर लेकराला किनाऱ्यावर नेऊन तो दाखवा, तिथंच बघू द्या.

हा खेकडा स्वतःही जुनं घरच घेतो बरं का. पण घेण्याआधी शंख उलटसुलट फिरवतो, तोंडाच्या कडा चाचपतो, आत नांगी घालून माप बघतो. पटलं तरच झटकन आत शिरतो, नाहीतर आपलं जुनंच बरं म्हणतो. गटाचे पैसे देण्याआधी एवढी पारख आपणही करू.