घाटमार्गाचे श्रमिक : स्मारक आणि रहदारी

रत्नागिरी येथे कोकण रेल्वेचे ‘श्रमशक्ती स्मारक’ आहे. १९९० ते १९९८ या काळात कातळ फोडून लोहमार्ग सिद्ध करताना जे कामगार प्राणास मुकले, त्यांच्या स्मरणार्थ ते उभारलेले आहे. महाराष्ट्रातील मार्गबांधणीच्या इतिहासात या स्मारकाचे महत्त्व वरवर दिसते त्याहून अधिक आहे. कारण दगडावर कोरले जाण्याचा मान श्रमिकाच्या वाट्यास क्वचितच आलेला आहे.

बोरघाटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८३० मध्ये तेथील गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा शिलालेखाने त्याचे श्रेय गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना दिले. पुढे १८५६ ते १८६३ या काळात त्याच घाटातून लोहमार्ग चढविण्यात आला. १८६१ च्या आरंभी तेथे सुमारे ४२,००० माणसे राबत होती. सुरुंग, कडेलोट आणि पटकी यांनी त्यांतील किती गिळली, याची नोंद नावनिशीवार कोणी ठेवली नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तक्रारींवरून दंगा उसळला, तेव्हा मात्र सरकारला चौकशी करावी लागली. सरकारी दप्तरात मजुराचा आवाज उमटतो तो बहुधा अशाच प्रसंगी! त्याच वर्षी मृत्यू पावलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल व त्याचे काम पुढे चालविणारी त्याची पत्नी ॲलिस यांची नावे इतिहासास ज्ञात आहेत. लोकस्मृतीने आपला निवाडा निराळा केला. साहेबाला घाटाची वाट दाखविणारा धनगर शिंग्रोबा घाटातील देवळात पूजिला जातो आणि वाहनचालक जाता जाता तेथे नाणे वाहतात. ही आख्यायिका पुरावा म्हणून ग्राह्य नसली, तरी हे ऋण कोणाचे, याविषयीची लोकभावना तीतून स्पष्ट होते.

स्मारक मृतांचे असते. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या जिवंत मजुराचा मान राखणे हे रहदारीच्या हाती असते. भारतीय रस्ते महासभेने (इंडियन रोड्स काँग्रेस) २००१ मध्ये कामाच्या टप्प्यांतील सुरक्षिततेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली व २०१४ मध्ये ती सुधारली. तीनुसार पूर्वसूचनेची पाटी कामाच्या बरीच अलीकडे येते, त्यानंतर मार्गिका क्रमाने अरुंद होते आणि मगच काम सुरू होते. मजुराचे संरक्षण या अंतरातच आहे; ते वेगाने ओलांडणारा चालक हे संरक्षणच मोडून टाकतो.

मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात चिपळूणजवळच्या परशुराम घाटाने हा प्रश्न टोकास नेला. एका बाजूस उभी दरड, दुसऱ्या बाजूस उतारावरील वस्ती. रहदारी चालू ठेवून डोंगर कापणे म्हणजे मजूर आणि प्रवासी या दोघांच्याही जिवाशी खेळ. अखेर २५ एप्रिल ते २५ मे २०२२ या काळात घाट दररोज दुपारी १२ ते ५ बंद ठेवण्याचे ठरले आणि हलकी वाहने आंबडस–चिरणी–कळंबस्ते या गावरस्त्याने वळविण्यात आली. बोरघाटात ४२,००० मजुरांना जे मिळाले नाही, ते परशुराम घाटातील मजुरांना दिवसाचे पाच तास मिळाले. अवजड वाहनांनी ते तास घाटाबाहेर थांबून काढले.