कोल्हापूर की बेळगाव? : निपाणीच्या वेशीवरून

निपाणीच्या स्टँडवर उभे राहिले की एका हाताला कोल्हापूरची गाडी लागते आणि दुसऱ्या हाताला बेळगावची. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरेक. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास भरली आणि बेळगावची पावणेपाच लाखांच्या थोडी वर. म्हणजे दोन्ही शहरे जवळपास एकाच मापाची. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुलाला शिकायला कुठे ठेवायचे? जागा कुठे घ्यायची? उतारवयात जाऊन कुठे राहायचे? एक जण म्हणतो, "कोल्हापूरच बरं, आपली माणसं हाईत." दुसरा म्हणतो, "बेळगावच्या हवेची सर कशाला नाही." आणि चहा संपला तरी वाद संपत नाही.

हा वाद निव्वळ आवडीनिवडीचा आहे, असे आपण समजतो. मला तसे वाटत नाही. ही दोन शहरे दोन वेगळ्या रीतींनी घडली, आणि आपण ज्याला आवड म्हणतो ती बहुतेक वेळा त्या घडणीची सावली असते. आज ती घडण आपल्यापुढे मांडावी, असा विचार आहे.

१८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. तेव्हा त्यांना जगात कोणी ओळखत नव्हते; शिकागो अजून एक वर्ष दूर होते. कोल्हापुरात त्यांची व्यवस्था संस्थानच्या खासगी कारभाऱ्यांकडून झाली, राणीसाहेबांनी त्यांचा सन्मान केला. तिथून चिठ्ठी घेऊन ते बेळगावला निघाले, ते उतरले भाटे वकिलांच्या घरी. पुढे काही दिवस हरिपद मित्र या बंगाली वनाधिकाऱ्याच्या बंगल्यात राहिले. एका संन्याशाचा हा प्रवास पाहिला तरी दोन्ही शहरे ओळखता येतात. कोल्हापुरात पाहुणा राजाच्या दारी जातो. बेळगावात तो वकिलाकडे आणि सरकारी अधिकाऱ्याकडे जातो.

कोल्हापूर घडवले ते राजाच्या हुकमांनी. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले अशी एकेकाची बोर्डिंगे उभी राहिली. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या. गिरणी, गुळाची पेठ, कुस्तीचे आखाडे, अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे, या साऱ्यांच्या पाठीशी गादी होती. खेड्यातला पोरगा ट्रंक घेऊन कोल्हापुरात उतरला तर त्याला निदान विचारायला एक दार होते. बोर्डिंगचे शहर म्हणून कोल्हापूरची जी ओळख आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती, ती इथून आली.

बेळगाव निराळ्या वाटेने गेले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला, भोवती लष्कराची छावणी वसली, १८३६ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या म्हणून वकील आले. छावणी आली म्हणून व्यापारी आले. पुढे रेल्वे आली. कोणी कोकणातून आले, कोणी गोव्यातून, कोणी धारवाडकडून. गावाला लागून असलेले शहापूर तर स्वातंत्र्य मिळेपर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावातून चालत शहापूरच्या विणकराकडे लुगडे आणायला गेलेली बाई वाटेत राज्य बदलून परत येत असे. अशा गावात एकच एक मालक नसतो. तिथे शेजारी असतात.

याचा फायदा काय झाला, तेही पाहू. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सात शिक्षकांनी मिळून तिथेच के.एल.ई. संस्था काढली, आज तिचा पसारा आपण पाहतोच. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींनी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले, ते बेळगावात. संस्थानी कोल्हापुरात असे अधिवेशन भरणे शक्य नव्हते. तिथे प्रजा परिषद उभी राहायला १९३९ साल उजाडावे लागले. राजा कितीही चांगला असला तरी प्रजेने त्याच्याकडे मागायचे असते. बेळगावच्या माणसाला मागायला राजाच नव्हता, म्हणून तो सभा भरवायला आणि संस्था काढायला शिकला.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे तिथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. नगरपालिकेच्या विस्ताराच्या योजनेत कारखान्याची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा त्यांना आसरा दिला तो औंधच्या राजाने. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि बेळगावच्या वाट्याला रस्त्याचे नाव राहिले. कोल्हापूरचेही असेच झाले. १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. ज्यांचे मोठेपण आपण सांगतो, त्या दोन्ही शहरांना आपली कर्तबगार माणसे नेहमीच सांभाळता आली असे नाही. वादात हे दोघांनीही ध्यानात ठेवावे.

वाचनाच्या बाबतीत मात्र दोघे सख्खे भाऊ शोभतील. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले आणि तिथलेच झाले. इंदिरा संतांनी आयुष्याचा मोठा भाग बेळगावात काढला. १९३२ चे साहित्य संमेलन कोल्हापुरात झाले, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. १९४६ चे बेळगावात झाले, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव या बेळगावच्या मांडवात झाला. कोल्हापूरला महाराज अध्यक्ष लाभले, बेळगावात मागणी झाली. दोन्ही गावांचा स्वभाव इथेही चुकला नाही.

आता निपाणीकडे वळू. आपला मुलूख या दोन सत्तांच्या ओढाताणीत आहे तो काही १९५६ पासून नव्हे. आप्पा देसाई निपाणकर आणि कोल्हापूरकर यांच्यात चिकोडी-मनोळीसाठी लढाया झाल्या. इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास ते परगणे कोल्हापूरला दिले आणि दहा-बारा वर्षांत काढूनही घेतले. त्यानंतर सव्वाशे वर्षे निपाणीची कचेरी बेळगावकडेच होती. जमिनीचा दावा बेळगावात चाले, आणि लग्नाचा बस्ता मात्र कोल्हापुरात बांधला जाई. दोन्ही मुंबई इलाख्याच्या छायेतच असल्यामुळे यात कोणाला काही खुपत नसे.

१ नोव्हेंबर १९५६ ला ते खुपू लागले. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. वाचकहो, नकाशा समोर घेऊन बसा आणि या एका गोष्टीकडे नीट पाहा. चंदगडच्या शेतकऱ्याची बाजारपेठ बेळगाव. ते त्याला तासाभराच्या वाटेवर. पण त्याची जिल्ह्याची कचेरी शंभर किलोमीटरच्या पलीकडे कोल्हापुरात. निपाणीच्या माणसाचे बाजारहाट, दवाखाना, सोयरीक कोल्हापुरात. पण त्याची कचेरी जवळजवळ दुप्पट अंतरावर बेळगावात. कोल्हापूरचे नैसर्गिक गिऱ्हाईक बेळगावच्या खात्यात लिहिले गेले आणि बेळगावचे कोल्हापूरच्या. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवायला सांगितले, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले. निपाणीची शिफारस काही अंमलात आली नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

या सगळ्यात माणसे थांबून राहिली का? नाही. १९६१ मध्ये निपाणीच्या मुलांसाठी देवचंद महाविद्यालय निघाले, ते गावाला लागूनच अर्जुननगरात. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले. तेव्हापासून निपाणीचा मुलगा घरचे जेवण जेवून सायकलवरून निघतो, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिकायला जातो आणि संध्याकाळी परत येतो. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, गोळीबारात त्यांचे बळी गेले. त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते आणि कानडी बोलणारेही. तंबाखूचा भाव दोघांनाही एकच मिळत होता.

तेव्हा आता मूळ प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. हवा म्हणाल तर बेळगाव उंचावर आहे, उन्हाळा सुसह्य. पावसाळा मात्र अंगावर येतो. पाणी म्हणाल तर कोल्हापूरला पंचगंगा आहे, पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तीच पंचगंगा घरांत शिरली होती. शिक्षणाला दोन्हीकडे तोटा नाही. भाषेचे म्हणाल तर कोल्हापुरात मराठी माणसाला आपल्या भाषेचा विचार करावा लागत नाही. बेळगावात तो रोज करावा लागतो. सात-बाराचा कागद, वीजबिल, मुलाच्या शाळेची नोटीस हातात आली की ती कोण वाचून दाखवील, हे बघावे लागते. हे दुःख खरे आहे आणि ते लहान करून सांगण्याचा माझा हेतू नाही. कचेरीतला कागद आपल्या भाषेत मिळावा, ही मागणी करणारा माणूस कोणाचा द्वेष करत नसतो.

पण आपल्याच घरातली एक चूकही सांगितली पाहिजे. गेल्या सत्तर वर्षांत आपण कोल्हापूरला माहेर आणि बेळगावला सासर करून टाकले आहे. माहेरचे दोष लेक पाहत नाही, आणि सासरचे उपकार बोलून दाखवत नाही. कोल्हापूर आपल्याला पाहुण्यासारखे वागवते, आग्रह करून वाढते. तिथल्या निर्णयात मात्र निपाणीचे मत कोणी विचारत नाही, कारण ते मत तिथे मोजलेच जात नाही. बेळगावात आपली तक्रार आहे, पण मतही आहे, दावाही आहे, आणि दोन भाषांत संसार करणारे शेजारीही आहेत. तिथली मराठी वाचनालये, मराठी शाळा, मराठी वर्तमानपत्रे रुसून कोल्हापुरात राहायला गेलेल्यांनी टिकवलेली नाहीत. जे तिथेच राहिले, त्यांनी ती टिकवली.

म्हणून कोणी मला विचारले तर मी इतकेच सांगेन. पाठीशी कोणी नसलेल्या मुलाला शिकायला पाठवायचे असेल तर कोल्हापूरला पाठवा. पोरक्या मुलाला दार उघडण्याची सवय त्या गावाला शंभर वर्षांची आहे. पण घर विकून, वाचनालयाची वर्गणी बंद करून, बेळगाव-निपाणीतून कायमचे उठून जायचा विचार मनात आला, तर एकदा थांबा. आपण उठलो की मागे राहिलेल्या मराठी शाळेतला पट एकाने कमी होतो, आणि पुढच्या वर्षी तो वर्ग बंद करायला कचेरीला दुसरे कारण लागत नाही.