बाण: श्रीरंगपट्टण ते रॅथफर्नहॅम



दिवाळी जवळ आली की डब्लिनमधल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "इथे बाण कुठे मिळतात हो?" उत्तर: मिळत नाहीत. मिळाले तरी उडवू नका. आयर्लंडमध्ये सामान्य माणसाने बाण विकत घेणं, बाळगणं आणि उडवणं बेकायदा आहे, आणि त्या बंदीचं मूळ थेट १८७५ च्या स्फोटकांच्या कायद्यात आहे.

पण आज लिहायचंय ते त्या शब्दाबद्दल. बाटलीत उभा करून आपण जो "बाण" सोडायचो, तो म्हणजे रॉकेटच. आणि हा शब्द फक्त फटाक्यांचा नाही. पेशवाईतल्या कागदांत तोफा, जंबुरके यांच्या बरोबरीने बाणही येतात, ते लढाईतले. म्हणजे आपल्याकडे 'रॉकेट' हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी रॉकेट होतं.

हल्ली टेक्सासमध्ये बोका चिकाच्या किनाऱ्यावर एक खाजगी कंपनी रॉकेटची इंजिनं पेटवून बघते, आणि जगभरचे हौशी लोक रात्री जागून ते लाइव्ह पाहतात. आपल्यातही असे दोन-चार निशाचर आहेतच! त्यांच्यासाठी एक बातमी. असं एक खाजगी 'टेस्ट साइट' आपल्या डब्लिनलाही होतं, १८०३ साली, रॅथफर्नहॅमजवळच्या एका शेतात. प्रेक्षक अगदी मोजके, आणि पाहिलेलं बाहेर फुटलं तर फाशी.

त्या शेताकडे जायचं तर आधी म्हैसूरला जाऊन यावं लागेल.

हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या फौजेत बाण चालवणाऱ्या माणसांची वेगळी पथकं होती. युरोपात रॉकेट नवीन नव्हतं, पण तिथली नळी कागदाच्या पुठ्ठ्याची. म्हैसूरची नळी लोखंडी. फरक इथेच आहे. नळी जितकी मजबूत, तितका आतल्या वायूचा दाब ती सहन करते, आणि जितका दाब जास्त तितका मागून जोर जास्त. त्यामुळे बाण किलोमीटरभर जायचा. मागे बांबू बांधलेला असे. तो शेपटीचं काम करतो, म्हणजे तोंड पुढे ठेवतो. नेम फारसा नाही, पण एकदम शेकडो सोडले की घोडे, बैल आणि माणसं कुणीच जागेवर राहत नाही.

१७९२ च्या मोहिमेत आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने श्रीरंगपट्टणला होते, तेव्हा या बाणांची ओळख मराठी फौजेलाही होती. मग १७९९ ची शेवटची लढाई. ५ एप्रिलच्या रात्री सुलतानपेठच्या राईत शिरलेल्या एका इंग्रजी तुकडीची अंधारात, बाण आणि बंदुकांच्या माऱ्यात दाणादाण उडाली. त्या तुकडीचा कर्नल होता डब्लिनचा, आर्थर वेलस्ली. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ४ मे ला श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा तिथे ६०० लाँचर, ७०० वापरण्याजोगे बाण आणि ९,००० रिकाम्या नळ्या सापडल्या. (अलीकडे, २०१८ मध्ये, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे एका जुन्या विहिरीतून हजारावर बाण निघाले. अजून साठा संपलेला नाही!)

म्हैसूरच्या लढायांत कंपनीच्या आणि राजाच्या फौजांमध्ये आयरिश शिपाई भरपूर होते. बाणांची वर्णनं युद्धाच्या हकिकतींमधून छापून येत होती. म्हणजे १८०० च्या सुमाराला लोखंडी बाण ही गुप्त गोष्ट राहिलेली नव्हती.

आता डब्लिनला येऊ.

रॉबर्ट एमेट. जन्म १७७८, वडील नामांकित डॉक्टर, घर सेंट स्टीफन्स ग्रीनला. ट्रिनिटीमध्ये गणित आणि रसायनशास्त्रात हुशार. एक गोष्ट सांगतात, की एका रात्री घरी प्रयोग करताना नखं चावायच्या सवयीमुळे त्याच्या पोटात पाऱ्याचं विषारी संयुग गेलं. कुणाला न उठवता त्याने विश्वकोशात उतारा शोधला, खडू पाण्यात कालवून प्यायला, आणि उरलेली रात्र बीजगणितातलं एक अवघड गणित सोडवत काढली. खरं-खोटं देव जाणे, पण आमच्या हॉस्टेलवर असे दोघे-तिघे होते म्हणून मला पटतं.

१७९८ मध्ये, बंडाच्या वर्षी, युनायटेड आयरिशमेनशी संबंध असल्याने त्याला कॉलेज सोडावं लागलं. मग पॅरिस. १८०२ च्या ऑक्टोबरमध्ये तो परत आला. वडील वारले, वारसा हातात आला, आणि तो सगळा पैसा त्याने शस्त्रांत घातला. १८०३ च्या वसंतात रॅथफर्नहॅमच्या बटरफील्ड लेनमध्ये त्याने 'एलिस' नावाने घर भाड्याने घेतलं. शहरात थॉमस स्ट्रीटजवळ आणि पॅट्रिक स्ट्रीटवर गुप्त कोठारं उघडली. तिथे बिजागरीचे भाले बनत, दुमडून कोटाखाली लपवता येतील असे. हातगोळे बनत. आणि बाण बनत.

बाणच का? विचार करा. बंडखोराला तोफ परवडत नाही. ती ओतायला भट्टी लागते, ओढायला घोडे लागतात, आणि लपवता येत नाही. बाणाला लागतो पत्रा, दारू, काठी आणि हात चालणारे चार कारागीर.

त्यातल्या एका साथीदाराच्या आठवणी पुढे रिचर्ड मॅडन या डॉक्टर-इतिहासकाराने छापल्या. त्यात त्या चाचणीचं वर्णन आहे. लोखंडी पत्र्याची नळी, एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला वातीचं भोक, आणि सुमारे आठ फुटी काठी. शेतात वात पेटवली, आणि बाण काठीसकट विजेसारखा गेला, मागे आग ओकत. जमिनीवर पडल्यावरही दारू संपेपर्यंत माती उकरत राहिला.

म्हणजे टेस्ट पास!

आपण सॉफ्टवेअरवाले इथे हसू, कारण पुढचं आपल्याला ठाऊक आहे. एक प्रोटोटाइप उडणं वेगळं आणि शंभर नग सारखे निघणं वेगळं. बाणात दारू ठासून भरावी लागते. आत एक बारीक भेग राहिली तरी जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि नळी फुटते. हे कळतं ते दहा फोडून, अकरावा सुधारून. एमेटला तसं करता येत नव्हतं, कारण प्रत्येक चाचणीचा आवाज किल्ल्यापर्यंत जाऊ शकत होता.

१६ जुलैला पॅट्रिक स्ट्रीटच्या कोठारात स्फोट झाला. गुपित फुटणार या भीतीने त्याने बंडाची तारीख अलीकडे ओढली: २३ जुलै. त्या संध्याकाळी काय काय बिघडलं ते त्याने नंतर तुरुंगात स्वतःच लिहून ठेवलं, आणि ते एखाद्या फसलेल्या रिलीजच्या रिपोर्टसारखं आहे. माणसं वेळेवर आली नाहीत. बंदुका पुरेशा नव्हत्या. तयार वाती आणि अर्धवट वाती एकत्र मिसळल्या गेल्या. हातगोळ्यांच्या वाती कुणीतरी ठेवल्या आणि कुठे ठेवल्या ते विसरला. हजारोंच्या अपेक्षेत तो थॉमस स्ट्रीटवर उतरला तेव्हा बरोबर जेमतेम ऐंशी-शंभर जण होते. जमावाने मुख्य न्यायाधीश किलवॉर्डनला गाडीतून ओढून भाल्यांनी मारलं.  रात्रीत सगळं संपलं.

आता तारखा बघा. २० सप्टेंबर १८०३ ला थॉमस स्ट्रीटवर, सेंट कॅथरिन चर्चसमोर एमेटला फाशी दिलं, वय २५. बरोबर तीन दिवसांनी, २३ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. जिंकणारा सेनापती होता तोच डब्लिनकर, आर्थर वेलस्ली. एकाच आठवड्यात आयरिश आणि मराठी, दोन्ही घरांत सुतक. मी पहिल्यांदा हे जुळवून पाहिलं तेव्हा कॅलेंडर पुन्हा तपासलं होतं.

पुढच्या वर्षी, १८०४ मध्ये, इंग्लंडात विल्यम काँग्रीव्हने प्रयोग सुरू केले. त्याने आधी स्वतःच्या पैशाने लंडनमधले सर्वांत मोठे बाण विकत आणले. ते भारतीय बाणांच्या निम्मेही जाईनात. मग वुलिचची सरकारी प्रयोगशाळा हाताशी आली, जिचा प्रमुख त्याचे वडील. लोखंडी नळी आली, पंधरा फुटी काठी आली. १८०५ मध्ये बुलोनवरचा पहिला हल्ला हवामानामुळे फसला. त्याला कुणी फाशी दिली नाही! १८०६ मध्ये पुन्हा संधी मिळाली, १८०७ मध्ये कोपनहेगन जळलं, आणि नाव पडलं 'काँग्रीव्ह रॉकेट'. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात ज्या रॉकेटांचा उल्लेख आहे, ती हीच, १८१४ ची.

काँग्रीव्हने एमेटचा बाण चोरला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. श्रीरंगपट्टणचा साठा एमेटच्या चार वर्षं आधीच इंग्रजांच्या हाती होता, त्यांना रॅथफर्नहॅमला यायची गरजच नव्हती. पण त्या शेतातली चाचणी एक गोष्ट सिद्ध करते. लोखंडी नळीचा बाण ही एका माणसाला सुचलेली कल्पना नव्हती. म्हैसूरच्या कारागिरांनी ती घडवली, आणि काँग्रीव्हच्या आधी डब्लिनमध्ये भाड्याच्या घरात राहून एका पोराने ती उडवून पाहिली. काँग्रीव्हकडे अक्कल जास्त होती असं नाही. त्याच्याकडे दुसरी संधी होती. नाव त्याचं लागतं, ज्याला चुकायची मुभा असते.

शेवटी एक नाव राहू नये म्हणून. बटरफील्ड लेनच्या घरात ॲन डेव्हलिन नावाची विशीतली मुलगी घर सांभाळायची. बंडानंतर शिपाई आले, संगिनी टोचल्या, कलत्या गाडीला टांगून अर्धवट फास दिला. ती बोलली नाही. किलमेनममध्ये १८०६ पर्यंत कैदेत राहिली, १८५१ मध्ये गरिबीत वारली. ग्लासनेव्हिनला तिच्या थडग्यावर दगड बसवला तो त्याच डॉ. मॅडननी.

फिनिक्स पार्कमधल्या ६२ मीटर उंच वेलिंग्टन स्तंभाखाली आपण दर उन्हाळ्यात डबे उघडतो. त्याच्या एका बाजूला त्याच्या भारतातल्या लढायांचं ब्राँझचं शिल्प आहे, ते पोरांना जरूर दाखवा. मग स्टीफन्स ग्रीनला एमेटचा पुतळा दाखवा. आणि जमलं तर एखाद्या रविवारी ग्लासनेव्हिनला जाऊन या.

बाण उडवता येत नाहीत तर निदान त्यांची गोष्ट तरी सांगू.

कळावे, लोभ असावा,
एक डब्लिनकर