हजार यार्डांवरची थ्री-नॉट-थ्री

राष्ट्रीय छात्रसेनेत दिवस काढलेल्या शिक्षकांना 'थ्री-नॉट-थ्री' हे नाव परके नाही. नळीचा आतील व्यास .३०३ इंच, म्हणून हे नाव. मूळ नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली याने योजलेला बोल्ट १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्यात आला, १८९५ मध्ये त्याला एनफिल्डच्या कारखान्यातील खोल खाचांची नळी मिळाली, आणि पुढे दोन्ही महायुद्धांत याच कुळातील रायफली लढल्या. आपल्याकडे कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात त्या वर्षानुवर्षे तयार होत असत. सर्वसाधारण नागरिकाला मात्र आपल्या देशात या बोअरचा परवाना मिळत नाही. त्यामुळे निवृत्त लष्करी रायफल दुरुस्त करून तिच्यावर नेमबाजी करण्याची परंपरा पाहायची, तर इंग्लंडमधील बिस्ले येथेच जावे लागते. तेथील राष्ट्रीय रायफल संघाच्या स्पर्धा १८९० पासून याच मैदानावर भरतात आणि शेवटच्या फैरी ९०० व १००० यार्डांवरून झाडल्या जातात. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर.

जुनी रायफल हाती आली की पहिली तपासणी नळीच्या आतील गंजाची. याचे कारण रसायनशास्त्रात आहे. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटानंतर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसे. हा क्षार मिठासारखाच दमट हवेतील पाणी ओढून घेतो आणि पोलाद खातो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शिपाई नळीतून आधी उकळते पाणी ओतत, गरम नळी आपोआप कोरडी होई, आणि मगच तेलाचा हात फिरवीत. ज्याने पाण्याचा कंटाळा करून नुसते तेल लावले, त्याच्या नळीत आज खड्डे दिसतात.

दुसरी तपासणी लाकडाची. नळीखालचे लांब लाकूड बहुधा अक्रोडाचे असते. ते पावसाळी हवेत फुगते, नळीला ढकलते आणि नेम चुकतो. यावर उपाय म्हणून लाकडाला जवसाचे तेल पाजतात. बिस्लेचे कारागीर याहून पुढे जात. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये, कधी टोकाशी तर कधी मध्यावर, बुचाचे पातळ तुकडे बसवून ते नळीवरचा दाब ठरवीत. सैन्यातील नं. ४ या नमुन्यात तर टोकाशी नळीला खालून दोन ते सात पौंडांचा रेटा असावा, असा दंडकच होता. रेटा बदलला की गोळ्यांचा पुंजका बदलतो, हे कारागिरांना हाताने ठाऊक होते. का बदलतो, हा प्रश्न भौतिकीचा.

वर्गात फूटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून तिचे मोकळे टोक टिचकीने उडवून पाहावे. रायफलची नळीही अशीच एका बाजूला पकडलेली कांब आहे. १९०१ मध्ये मॅलॉक यांनी रायफलीच्या नळीच्या कंपनांवर लिहिलेला निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. ली-एनफिल्डमध्ये बोल्टची पकड मागच्या बाजूला असते. माउझरमध्ये ती पुढे, काडतुसाला लागूनच असते. मागच्या पकडीमुळे बार उडताना बोल्ट दबतो, त्याचे घर किंचित वाकते आणि नळी वरखाली थरथरते. अभियंत्याच्या दृष्टीने हा उघड दोषच.

आता गणित पाहू. गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने निघते. हजार यार्डांपर्यंत गुरुत्वाकर्षणामुळे ती दहा मीटरांहून अधिक खाली घसरते, आणि नेमदर्शक तेवढा वर लावूनच नेम धरावा लागतो. एखाद्या काडतुसाचा वेग एक टक्का कमी पडला तर ही घसरण साधारण दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे गोळी वीसेक सेंटिमीटर खाली लागते. बिस्लेला तर सर्वांना मैदानावर मिळालेलीच काडतुसे वापरावी लागत. ती लष्करी साच्याची, वेगात थोडीफार उणीअधिक. नेमबाज कितीही निष्णात असला तरी यावर त्याचा इलाज नव्हता. पण रायफलीचा होता.

गोळी नळीत सेकंदाचा सुमारे हजारावा भाग असते. ती बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड वर उचलले जात असेल, तर मंद गोळी जरा उशिरा, म्हणजे जरा वरच्या कोनातून सुटते. पुढे ती जास्त घसरते खरी, पण निघालेलीच वर असते! वेगवान व मंद गोळ्या हजार यार्डांच्या आसपास पुन्हा एकत्र येतात. दोनशे यार्डांवर मात्र घसरणीतला फरक नगण्य असतो, तेथे हीच उसळी गोळ्या उभ्या रेषेत विखुरते. म्हणूनच जवळच्या अंतरावर पुढून पकडणाऱ्या रायफली सरस ठरत आणि लांबवर ही 'सदोष' ली-एनफिल्ड. बुचाचा तुकडा बसवणारा कारागीर नळीची उसळी गोळीच्या वेळेशी जुळवीत होता, असे आम्हांला वाटते. त्याने ते समीकरण न मांडता केले, याचे कौतुक कमी होऊ नये.

१९५० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने ७.६२ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले आणि .३०३ चा काळ सरला. तरीही नं. ४ ची धडे भंगारात गेली नाहीत. एनफिल्डच्या कारखान्याने त्यांवर नव्या बोअरची जाड नळी चढवली, पुढचे लाकूड आखूड केले आणि नळी मोकळी सोडली. यातून स्पर्धेसाठी एल-३९ आणि दूरवरच्या नेमबाज सैनिकांसाठी एल-४२ या रायफली निघाल्या. एल-४२ तर १९८२ च्या फॉकलंड युद्धातही होती. आपल्या ईशापूरनेही १९६२ च्या युद्धानंतर जुन्याच घडणीत, पण अधिक बळकट पोलादात, ७.६२ ची २-ए ही रायफल काढली.

खासगी हातांत मात्र यांतल्या पुष्कळ रायफलींची लाकडे कापली गेली, पुढची माशी काढून टाकली गेली. आज त्यांचे नवे मालक त्याच नमुन्याचे जुने लाकूड शोधत फिरतात. नळी पुन्हा लाकडात बसवताना टोकाचा तो दोन ते सात पौंडांचा रेटा त्यांना काट्यावर मोजावा लागतो.