पावाच्या फळीपासून तांब्याच्या पट्टीपर्यंत



समजा, टाकवे बुद्रुकच्या एखाद्या गुरुजींनी मनात आणले की मुलांकडून विजेवर स्वर काढणारे वाद्य घडवून घ्यावे. कान्हे फाट्यावरून पुण्याची वाट धरून ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातील. दुकानदार विचारील, "बोर्ड कोणता देऊ?" गुरुजी थबकतील. पैसे थोडे, आणि ऐन स्नेहसंमेलनात वाद्य मुके झाले, तर मुले म्हणतील, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे." ही भीती खरी आहे. म्हणून ह्या बोर्डांचा इतिहास थोडा पाहू. उत्तर त्यातच आहे.

1920 नंतरच्या काळात परदेशातील हौशी मंडळी घरीच रेडिओ बांधू लागली. स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी घ्यायची, तिच्यावर खिळे ठोकायचे आणि तारा ओढायच्या. त्यावरून नाव पडले 'ब्रेडबोर्ड'. हा उद्योग आपल्याकडे निघाला असता, तर त्याला पोळपाटच म्हटले असते, नाही का?

पुढे 1936 साली लंडनमध्ये पॉल आइस्लर ह्यांनी तारांऐवजी तांब्याच्या पत्र्याच्या वाटा ठेवून छापील सर्किट तयार केले. छाप एकदा बसला की हव्या तेवढ्या प्रती निघतात. पण छापात चूक राहिली, तर प्रत्येक प्रतीत तीच चूक. 1960 च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हेरोबोर्ड आला. दर 0.1 इंचावर भोक आणि खाली तांब्याच्या समांतर पट्ट्या. नको तेथे पट्टी तोडायची, हवे तेथे सोल्डरचा डाख द्यायचा. 1971 साली अमेरिकेत रोनाल्ड पोर्तुगाल ह्यांनी आजच्या प्लॅस्टिकच्या ब्रेडबोर्डासाठी पेटंटचा अर्ज केला. त्यात डाख नाही. तार खुपसली की आतली स्प्रिंग तिला धरते, ओढली की सुटते.

आता वाद्याकडे वळू. 1964 साली अमेरिकेत रॉबर्ट मूग ह्यांनी सुट्या खणांचा सिंथेसायझर पुढे आणला. एक खण स्वर उपजवतो, दुसरा त्याला गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. हे खण तारांनी हवे तसे जोडायचे. असे यंत्र 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि आपल्याकडील संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले.

ह्या वाद्याची मेख अशी की 1 व्होल्ट वाढला म्हणजे स्वर एक सप्तक चढतो. सप्तकात बारा स्वर. तेव्हा एका स्वरापासून शेजारच्या स्वरापर्यंत सुमारे 83 मिलिव्होल्ट. सामाईक तारेचा एखादा सांधा ढिला पडून 10 मिलिव्होल्टचा फरक झाला, तरी स्वर त्या अंतराच्या आठव्या हिश्श्याने हलतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला तेवढे पुरते. प्लॅस्टिकच्या बोर्डातल्या स्प्रिंगा वापरून सैल होतात, आणि बैलगाडीच्या किंवा एस. टी. च्या हादऱ्यापुढे त्यांचे काही चालत नाही.

म्हणून गुरुजींनी क्रम असा ठेवावा. विचार कच्चा असेतो प्लॅस्टिकचा बोर्ड; चुका तेथेच होऊ द्याव्यात, तेथे त्या फुकट दुरुस्त होतात. खण बोलू लागला की तोच पट्टीच्या बोर्डावर डाख देऊन पक्का करावा. आणि दहा शाळांना तोच खण हवा असेल, तेव्हाच छापील बोर्ड. पहिल्याच दिवशी छापील बोर्डाकडे धावणे म्हणजे बारशाआधी लग्नपत्रिका छापणे!

हे खेड्यात जमेल का? आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, आणि 2002 साली अमेरिकेच्या एम. आय. टी. संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब ही प्रयोगशाळा उभी राहिली. अशा प्रयोगशाळेत तांब्याचा थर कोरून सर्किट बोर्ड घरच्या घरी करता येतो. पाबळला जे जमले, ते मावळात का जमू नये?

गुरुजी, पहिला बोर्ड स्वस्तातला घ्या, पण डाख द्यायला मुलांच्याच हाती लोखंड द्या. स्वतः सांधलेले वाद्य मुके झाले, तरी कोणता सांधा तपासायचा हे त्यांना ठाऊक असेल.